क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दोन दात

माझ्या यजमानांचे पुढचे दोन दात खडवलीला एका लग्नात गेले. "गेले" हा शब्द आमच्या घरात रूढ झालाय म्हणून मीही तोच वापरते, पण दात काही आपल्या पायांनी गेले नाहीत. दारू प्यायलेल्या एका माणसाने नाचता नाचता दोन्ही हात वर करून गिरकी घेतली, त्याचं कोपर खालून क्लॅरिनेटला लागलं आणि यांच्या ओठांत असलेला वरचा भाग दातांवर आदळला. एक दात अर्ध्यात तुटला. शेजारचा लोंबायला लागला.

मी तिथे नव्हते. यांना घरी घेऊन आला तो बँडमधला ड्रमवाला. त्यानेच सगळं सांगितलं. यांनी तोंडाला रुमाल लावलेला आणि तो पूर्ण लाल झालेला. गोरज मुहूर्ताचं लग्न, नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवात आणत होते. दात तुटल्यावर मिरवणूक क्षणभरसुद्धा थांबली नाही. उलट मुलाकडचा कुणीतरी पुढे आला आणि म्हणाला, "मास्तर, एवढं गाणं पुरं करा की. पोरं रंगात आलीयेत."

"मग?" मी ड्रमवाल्याला विचारलं.

"मग काय वहिनी, मास्तर बाजूला उभे राहिले. ट्रंपेटवाल्याने गाणं ओढून नेलं."

"आणि तो माणूस? ज्याने मारलं तो?"

"तो नाचतच होता. त्याला कळलंच नाही."

निघताना मुलाच्या वडिलांनी यांना नारळ दिला. रुमालात रक्त धरलेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात नारळ! तो नारळ मी घरात फोडू दिला नाही. चाळीतल्या मागच्या बाईला देऊन टाकला आणि का देतेय तेही सांगितलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही तेव्हा शहाडला चाळीत राहायचो. हे मोहन्याच्या कारखान्यात मशीनवर होते. मी कल्याणला प्राथमिक शाळेत शिकवायचे. कारखान्यातली नोकरी पोटासाठी होती, पण यांची ओळख होती ती क्लॅरिनेटची. लहानपणी मामाकडे शिकलेले. लग्नसराईत कल्याणच्या एका बँडमध्ये हे पहिला क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमध्ये गाण्याची चाल पहिला क्लॅरिनेट धरतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. म्हणून सगळे यांना मास्तर म्हणायचे. कारखान्यात यांना नंबर होता, बँडमध्ये मान होता. रियाजाला हे उल्हास नदीच्या काठावर जायचे, कारण चाळीत कुणाचं तरी बाळ नेहमी झोपलेलं असायचं.

आता दातांचा आणि क्लॅरिनेटचा संबंध काय, हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. दात गेल्यावर कळलं. क्लॅरिनेटच्या तोंडाला खालून बांबूसारख्या वेताची पातळ पत्ती बांधलेली असते. ती खालच्या ओठावर येते आणि वरून पुढचे दोन दात त्या तोंडावर घट्ट टेकतात. वाद्याला वरून धरून ठेवायचं काम तेच दोन दात करतात. ते नसले तर वाद्य तोंडात डुगडुगतं, हवा बाजूने निसटते, आणि सूर लागतो पण टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांना कल्याणला एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोठा बोर्ड, बाहेर गर्दी, वयाने मोठे, नाव असलेले डॉक्टर. त्यांनी यांचं तोंड उघडलं, दिवा मारला आणि म्हणाले, "दोन्ही काढून टाकू."

मी म्हटलं, "डॉक्टर, वाचवता नाही का येणार?"

"बाई, हलणारा दात ठेवून काय करणार? उद्या पिकेल."

"हे क्लॅरिनेट वाजवतात."

"अरे वा, छान," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

एवढंच. दोन्ही दात काढायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आम्ही बाहेर बाकावर बसून काढलेला. पुढे कधीतरी, सगळं होऊन गेल्यावर, दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की अर्धा तुटलेला जो दात होता, त्याचं मूळ कदाचित वाचलं असतं. "खात्रीने नाही सांगत," त्या म्हणाल्या, "पण एक एक्स-रे तरी काढायला हवा होता." ते ऐकल्यापासून तो बोर्ड मला नुसता दिसला तरी माझं डोकं तापतं.

जखम भरल्यावर त्याच डॉक्टरांनी प्लेट करून दिली. टाळूला बसणारा गुलाबी तुकडा, त्यावर दोन पांढरे दात, बाजूच्या दातांना अडकवायला तारेचे आकडे. दिसायला ठीक होती. हे हसले तर कुणाला कळलं नसतं. वरण-भात, भाजी-भाकरी सगळं चालायचं. डॉक्टर म्हणाले, "झालं काम."

रविवारी हे वाद्य घेऊन नदीवर गेले आणि त्या दिवशी मीही बरोबर गेलेले. यांनी पत्ती ओली केली, वाद्य तोंडात धरलं आणि फुंकर घातली. प्लेट पुढून उचलली गेली. पुन्हा धरलं, पुन्हा उचलली गेली. तिसऱ्यांदा सूर निघाला, पण त्याच्याबरोबर प्लेटचा टकटक आवाजही आला. यांनी वाद्य खाली ठेवलं आणि प्लेट काढून तळहातावर घेतली. मला वाटलं की ती वस्तू नदीत फेकून द्यावी आणि मग त्या डॉक्टरांना आणून इथे उभं करावं.

हे हार मानणाऱ्यातले नव्हते. प्लेटला चिकटवायची पूड आणली. ती थुंकीत विरघळून जायची. मग प्लेट काढून ठेवून वरचा ओठ आत वळवला आणि हिरडीवर वाद्य टेकवून पाहिलं. पहिल्या गाण्यालाच ओठ आतून सोलला. तरी महिनाभर तसंच करत राहिले. जेवताना आमटी लागली की डोळ्यांत पाणी यायचं आणि हे म्हणायचे, "तिखट झालीय जरा." आमटीत तिखट नसायचं.

बँडच्या मालकाने सुरुवातीला समजून घेतलं. मग एका लग्नात सूर फाटला, मुलीकडचे हसले आणि मालकाने यांच्या हातात खुळखुळे दिले. हो, खुळखुळे. ज्या माणसाच्या मागून सगळा बँड चालायचा, त्याला सगळ्यांत मागे उभं करून दोन खुळखुळे हलवायला सांगितले. पोरं अजूनही त्यांना मास्तरच म्हणत होती आणि मला वाटतं, त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. दोन लग्नं केली आणि मग यांनी बँडमध्ये जाणंच सोडलं. क्लॅरिनेट पेटीत बंद झालं.

नणंद आली तर म्हणते कशी, "अगं, वय झालं की दात जायचेच. दादाला समजव ना."

"वय?" मी म्हटलं. "चाळिशी तरी आलीय का त्यांची? आणि दात वयाने गेलेत का?"

"तसं नाही गं. पण आता काय करणार?"

आता काय करणार, हे वाक्य मी त्या वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकलं की कुणी ते उच्चारलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

मीच मग डोंबिवलीला एका डॉक्टरांचा पत्ता काढला. शिकलेले, व्यवस्थित, बोलायला गोड. त्यांनी प्लास्टरचा जबडा दाखवून ब्रिज समजावून सांगितला. मधले दोन दात नसले तर दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांवर टोप्या बसवायच्या आणि त्या टोप्यांना जोडलेले मधले खोटे दात पुलासारखे उभे राहतात. "पक्का बसतो," ते म्हणाले. "काढायचा-घालायचा त्रास नाही."

हे डॉक्टरांसमोर कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "बाजूचे दात चांगले आहेत ना?"

"एकदम चांगले."

"मग ते का घासायचे? त्यांनी काय केलंय?"

डॉक्टर हसले. यांच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "मॅडम, जरा समजवा यांना. तुम्ही शिक्षिका आहात."

"त्यांनी तुम्हाला विचारलंय, तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"हे बघा, दुसरा चांगला मार्ग नाही. आणि बँड वाजवणं इतकं महत्त्वाचं आहे का? कारखान्यात नोकरी आहे ना पक्की?"

हे खुर्चीवरून उठले. गळ्यातला कागदी रुमाल काढला, नीट घडी करून बशीत ठेवला आणि बाहेर पडले. मी थांबले आणि डॉक्टरांना म्हटलं, "उद्या तुमची दोन बोटं गेली आणि कुणी म्हणालं, दात काढणं एवढं महत्त्वाचं आहे का, घर चालतंय ना, तर कसं वाटेल?" त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ब्रिज वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. आमच्या नणंदेने पुढे ब्रिजच बसवला आणि तिला तो छान मानवला. ज्याचे बाजूचे दात आधीच खराब असतील, त्याला तोच बरा असं पुढे मला कळलंही. माझा राग त्या पुलावर नव्हताच. माझा राग ह्यावर होता की कोणत्या माणसाला दात कशासाठी हवेत, हे डॉक्टर परस्पर ठरवून मोकळे होत होते. जेवता येतं, चार लोकांत हसता येतं, मग आणखी काय पाहिजे? एका माणसाला आणखी काहीतरी पाहिजे होतं, पण तो बँडवाला होता.

तशीच काही वर्षं गेली. हे कारखान्यातून आले की रेडिओ लावायचे आणि एखाद्या गाण्यात क्लॅरिनेट वाजलं की उठून आवाज कमी करायचे. आणि त्या वर्षांत तंबाखू वाढली.

मग नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शाळेत मुलांचे दात तपासायला ठाण्याहून एक तरुण डॉक्टरीण आली. मुलं रांगेत तोंडं उघडून उभी होती, ती एकेकाच्या तोंडात बघून पुढे सरकत होती. मधल्या सुट्टीत मी तिला चहा दिला आणि काही अपेक्षा न ठेवता विचारलं की, पुढचे दोन दात नसले आणि प्लेट हलत असली तर काय करता येतं.

तिने कप खाली ठेवला. "हलते म्हणजे कधी हलते? जेवताना की बोलताना?"

"क्लॅरिनेट वाजवताना."

"अच्छा. दात नक्की कुठे टेकतात त्यात? वरचेच ना? खाली काय येतं, ओठ?"

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिली होती. मला रडू येईल की काय असं वाटलं, पण वर्गात मुलं होती. मी म्हटलं, "हो, खाली ओठ."

"काकांना घेऊन या. आणि वाद्यही आणा."

ठाण्याला नौपाड्यात एका दुकानाच्या वर तिचं क्लिनिक होतं. यायला हे तयार नव्हते. दोन डॉक्टर झाले, आता तिसरा कशाला, म्हणाले. मी पेटी उचलून दाराशी उभी राहिले, तेव्हा निघाले. तिथे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "काका, वाजवून दाखवा."

"वाजत नाही आता."

"नाही वाजलं तरी चालेल. धरून दाखवा."

यांनी वाद्य जोडलं. तोंडात धरल्यावर ती आरसा घेऊन खाली वाकली, बाजूने बघितलं, बोटाने हिरडी दाबून पाहिली, फुंकर घालायला लावली. एक घोगरा, हवेने भरलेला आवाज निघाला. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघायला लागले. हे ओशाळले, पण ती म्हणाली, "आणखी एकदा. मला दाब कुठून येतो ते बघू द्या."

मग तिने कागदावर चित्र काढून सांगितलं. जबड्याच्या हाडात छोटं भोक पाडून टायटेनियम धातूचा स्क्रू बसवायचा. तो दाताचं मूळ झाला असं समजायचं. त्यावर हिरडी शिवून टाकायची आणि वाट बघायची. काही महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडून त्या स्क्रूवर दात बसवायचा. याला इम्प्लांट म्हणतात.

"म्हणजे भिंतीत खिळा ठोकतात तसं?" यांनी विचारलं.

"खिळा ठोकला की तो भिंतीत नुसता अडकून बसतो. इथे हाड वाढत वाढत त्या धातूला जाऊन चिकटतं. हा धातू हाडाला परका वाटत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तो हलता कामा नये. म्हणजे वाजवायचं नाही. चोरूनसुद्धा नाही."

"आणि बाजूचे दात?"

"त्यांना हातही लावायचा नाही."

हे खुर्चीत नीट बसले. इतका वेळ ते निघायच्या तयारीतच बसलेले.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "दात काढल्यावर तिथलं हाड झिजतं. त्याला काम उरत नाही ना. तुमचं हाड पुढून पातळ झालंय. पहिल्या डॉक्टरांनी हे सांगितलेलं का?"

"कुणीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तेव्हा आपल्याकडे हे फारसं करत नव्हते, म्हणून नसेल सांगितलं. तर, स्क्रू बसेल, पण हाड तो धरेलच असं वचन मी देत नाही. कधी कधी धरत नाही. शिवाय मी हे शिकून आलेय, पण माझ्या हातून फार झालेले नाहीत. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं तर एकही नाही. तुम्हाला आणखी कुणाला विचारायचं असेल तर खुशाल विचारा, मला राग येणार नाही. आणि काका, तंबाखू पूर्ण बंद. ती बंद होत नसेल तर मी हात लावणार नाही, कारण मग हाड भरणारच नाही."

घरी आल्यावर मी म्हटलं, "ही तर स्वतःच सांगते की खात्री नाही."

"म्हणून तर करायचं," हे म्हणाले. "पहिले दोघं किती खात्रीने बोलत होते, आठवतंय ना?"

तंबाखू सोडायला यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. चिडचिड, डोकेदुखी, पाळीवरून आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पण सोडली. आणि पैशांचं कसं केलं हे मी इथे सांगणार नाही. ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, आणि विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होतं: बँडवाल्याला हे कशाला? नटनट्यांनी करायच्या गोष्टी! एकाने तर मला विचारलं, "त्यापेक्षा घरात रंगीत टीव्ही नसता का आला?" आला असता. मग त्यात दुसऱ्यांचं क्लॅरिनेट ऐकत बसायचं, आणि उठून आवाज कमी करायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्क्रू बसवले. मी बाहेर बसलेले. भोक पाडायच्या यंत्राचा आवाज दारातून येत होता. हे बाहेर आले तेव्हा वरचा ओठ सुजलेला होता, पण बधिर तोंडाने म्हणाले, "दुखलं नाही. नुसतं डोक्यात घुमत होतं." मग दिवाळीपर्यंत वाट बघणं. दिसण्यापुरती हलकी प्लेट होती, पण क्लॅरिनेटला हात लावायचा नव्हता. त्या काळात बँडच्या मालकाचा निरोप आला, मोठं लग्न आहे, एक दिवस या. हे गेले नाहीत.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडली. एक स्क्रू पक्का होता. दुसरा तिने चावीने हलकेच फिरवला आणि तो फिरला. हाडाने त्याला धरलंच नव्हतं. तिने तो काढून ट्रेमध्ये ठेवला.

"काका, हा नाही धरला."

"का?" हा प्रश्न मी विचारला, आणि बऱ्याच चढ्या आवाजात विचारला. "यांनी सगळं पाळलं. तंबाखू सोडली. वाजवलं नाही. मग का?"

"मला माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "हाड पातळ होतं, ते एक कारण असेल. माझ्या हातून भोक पाडताना जास्त उष्णता झाली असेल, तेही असू शकेल. खरंच नाही सांगता येत. हाड भरलं की मी पुन्हा बसवीन. त्याचं तुमच्याकडून काही घेणार नाही."

मी तिच्यावर संतापलेले. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी माझ्या दृष्टीने तीही बाकीच्यांसारखीच झाली. पण हे शांत होते. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "माझ्या हातून झालं असेल, असं बोललेला डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला." मला त्याचं कौतुक नव्हतं. मला दात हवा होता.

पुन्हा तो स्क्रू बसवायला आणि तो धरायला आणखी जवळजवळ वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी हाडाने त्याला धरलं. मग दोन्हींवर दात बसले, आणि त्यांची खालची कड तिने यांना तीन-चारदा बोलावून, वाद्य तोंडात धरायला लावून घासली, तेव्हा कुठे वाद्य नीट टेकायला लागलं. पहिले काही दिवस हे म्हणायचे की दाताला काही कळत नाही, लाकडाचा असल्यासारखा वाटतो. स्वतःच्या दाताला वाद्याची थरथर जाणवायची, ह्याला तेवढी जाणवत नाही. ते थोडं पुढेही तसंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगून ठेवलेलं. पण सूर टिकला. नदीवर एका सकाळी यांनी एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली आणि दुसरी सुरू केली. मी दगडावर बसून ऐकत होते आणि मधूनच डोळे पुसत होते.

बँडमध्ये तोवर सगळं बदललेलं. चाल आता कॅसिओवाला धरायचा. हातगाडीवर स्पीकर, बॅटरी, आणि मधे एक पोरगा कीबोर्ड वाजवतोय. मालक म्हणाला, "मास्तर, या ना, साइडला वाजवा." हे गेले नाहीत. डोंबिवलीत नाट्यगीतांचा कार्यक्रम करणारी हौशी मंडळी होती, त्यांना क्लॅरिनेट हवं होतं. हे तिथे जायला लागले. बसून वाजवायचे. ऐकणारेही बसलेले असायचे. मला ते पसंत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ठाण्याला दातांच्या डॉक्टरांची एक सभा आहे, तिथे मी तुमच्या जबड्याची चित्रं दाखवू का, आणि तुम्ही शेवटी थोडं वाजवाल का? हे खूश झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, नवी पत्ती लावली. आम्हाला शेवटच्या रांगेत खुर्च्या दिल्या. पडद्यावर यांचं तोंड भिंतीएवढं मोठं दिसत होतं, पातळ हाड, स्क्रू, निघालेला स्क्रू, पुन्हा बसवलेला. न जमलेलं तिने लपवलं नाही. चर्चा सुरू झाली. हाडाची जाडी, स्क्रूची लांबी, दाताचा कोन. आणि शेवटी अध्यक्ष म्हणाले की वेळ संपलाय, जेवण तयार आहे, वादनाचं आपण पुढच्या वेळी बघू.

हे मांडीवर पेटी घेऊन बसलेले होते. त्यांनी ती उघडलीही नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एकाने हात वर केला. पांढरे केस, मी लगेच ओळखलं. कल्याणचे डॉक्टर. मोठ्या बोर्डवाले. त्यांनी यांना ओळखलं नव्हतं. पडद्यावरचं तोंड आपणच रिकामं केलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. ते म्हणाले, "एवढा खटाटोप कशासाठी? साधी प्लेट का नाही चालली ह्या पेशंटला?"

मी उभी राहिले. यांनी माझा पदर ओढला, तरी उभी राहिले. "कारण प्लेट देणाऱ्याने, हा माणूस दातांनी काय करतो, हे विचारलंच नाही," मी म्हटलं. "मी स्वतः सांगितलं तेव्हा 'अरे वा, छान' म्हणून हात धुवायला गेले. ते डॉक्टर तुम्हीच."

खुर्च्या सरकल्या, लोक जेवायला उठले. जेवणाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. चिडलेले नव्हते. "बाई," ते म्हणाले, "तेव्हा ही सोयच नव्हती हो आपल्याकडे."

"ही सोय नव्हती, कबूल," मी म्हटलं. "पण प्रश्न विचारायची सोय होती. एक्स-रे काढायची होती."

ते ताट घेऊन बाजूला गेले.

मला वाटलं, आज यांना बरं वाटलं असेल. तर हे माझ्यावरच रागावलेले. शहाडला पोहोचून दार उघडल्यावर म्हणाले, "मी बोलणार होतो."

"मग बोलायचं होतं."

"तू जागा कुठे ठेवलीस? माझं तोंड, माझे दात, आणि बोललीस तू."

"मी नसते बोलले तर तुम्ही बोलला असता का?"

"ते आता कसं कळणार?"

ह्यावर आमचं अजून एकमत नाही. मी बोलले ते बरोबर बोलले असं मी आजही म्हणते आणि कुणीही विचारलं तरी म्हणेन.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून यायला यांना उशीर झाला. हातात पेटी होती. कुठे गेलेलात विचारलं तर म्हणाले, "कल्याणला. त्या डॉक्टरांकडे."

"कशाला?"

"वाजवून आलो."

"दवाखान्यात?"

"हो. म्हटलं, त्या दिवशी सभेत राहून गेलं, तुम्ही ऐका. त्यांनी पेशंट थांबवले. दोन गाणी ऐकली."

"मग? माफी मागितली?"

"नाही. चहा मागवला."

"आणि तुम्ही तो प्यायलात?"

"प्यायलो. चांगला होता."

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. हे आपले पेटी उघडून बसलेले, वाद्य पुसत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते.